एका शेअरचे दोन झाले: टेक कंपनीच्या डीमर्जरमध्ये पैसा कुठे असतो आणि कुठे नसतो

डीमर्जरची, म्हणजे एका कंपनीच्या दोन कंपन्या करण्याची, घोषणा झाली की टीव्हीवर 'व्हॅल्यू अनलॉकिंग'चा (दडलेली किंमत बाहेर येण्याचा) जप सुरू होतो आणि इकडे जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर ठरलेला प्रश्न येतो: "दादा, एकना दोन शेअर व्हयनात, मंग पैसा बी डबल व्हयना का?"

उत्तर आधीच देऊन टाकतो. नाही होत. कंपनी दोन तुकड्यांत विभागली जाते त्या दिवशी तुमच्याकडची एकूण मालमत्ता होती तेवढीच राहते, फक्त दोन नावांनी दिसायला लागते. नंतर कमाई होते ती दोन कारणांनी. वेगळ्या झालेल्या धंद्याला स्वतःचं भांडवल आणि स्वतःची माणसं मिळाली आणि तो खरोखर वाढला, हे पहिलं कारण. ज्यांना तो नवा शेअर नकोच आहे ते नाइलाजाने विकत असताना तुम्ही पडत्या भावात घेतला, हे दुसरं. यांपैकी एकही गोष्ट नसेल तर डीमर्जर हा वकील, मर्चंट बँकर आणि ऑडिटर यांचा सण असतो, आपला नाही.

हे तपासायचं कसं, ते सविस्तर लिहितो. सुरुवात घरच्या उदाहरणाने, कारण भारतातल्या टेक डीमर्जरचा सगळ्यात शिकण्यासारखा धडा अमळनेरच्याच कंपनीने दिला आहे.

विप्रो, 2013: एकाच कागदावर तीन पर्याय

विप्रोची गोष्ट खानदेशात नव्याने सांगायची गरज नाही. 1945 मध्ये अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स निघाली, सनफ्लॉवर वनस्पती आणि 787 साबण विकू लागली. 1980 च्या सुमारास कंपनी कॉम्प्युटरकडे वळली. गावातल्या अनेक घरांत तेव्हापासूनचे शेअर होते. पुढे आयटीचा धंदा इतका मोठा झाला की साबण, दिवे, हायड्रॉलिक्स हे सगळं त्याच्या पोटात लपून गेलं.

2013 मध्ये कंपनीने हा बिगर-आयटी भाग विप्रो एंटरप्रायजेस नावाच्या वेगळ्या कंपनीत टाकला. रेकॉर्ड डेट, म्हणजे ज्या दिवशी शेअर नावावर असलेल्यांनाच वाटा मिळतो ती तारीख, होती 11 एप्रिल 2013. म्हणजे ज्या तेल-साबणातून सगळं उभं राहिलं, ते लिस्टेड विप्रोमधून बाहेर गेलं आणि शेअर बाजारात शुद्ध आयटी कंपनी उरली.

भागधारकांपुढे तीन पर्याय होते. विप्रोच्या प्रत्येक 5 शेअरमागे नव्या कंपनीचा 1 इक्विटी शेअर घ्या. किंवा त्याऐवजी 50 रुपये दर्शनी किमतीचा, 7 टक्क्यांचा 1 प्रेफरन्स शेअर (ठरावीक लाभांश देऊन मुदतीनंतर कंपनी परत घेते तो) घ्या, ज्याचे 12 महिन्यांनी 235.20 रुपये मिळणार. किंवा नव्या कंपनीचे मिळणारे शेअर प्रवर्तकांना (कंपनी चालवणाऱ्या मालक मंडळींना) देऊन टाका आणि 1.65 शेअरमागे विप्रोचा 1 शेअर घ्या.

100 शेअर असलेल्या माणसाचं गणित करू. पहिल्या पर्यायात त्याला विप्रो एंटरप्रायजेसचे 20 शेअर. दुसऱ्यात 20 गुणिले 235.20, म्हणजे वर्षभराने 4,704 रुपये आणि वर थोडा लाभांश. तिसऱ्यात 20 भागिले 1.65, म्हणजे विप्रोचे आणखी 12 शेअर आणि किरकोळ तुकडा.

आता पुढे बघा. विप्रोने 2017 ला एकास एक, 2019 ला तीनास एक आणि 2024 ला पुन्हा एकास एक बोनस दिला. त्या 12 चे 24, मग 32, मग 64 झाले. अडीचशे रुपये भाव धरला तर 16,000. दुसरा पर्याय घेणाऱ्याला वर्षभरात 4,704 मिळाले आणि विषय संपला. पहिला पर्याय घेणाऱ्याकडे चांगल्या धंद्याचे शेअर आहेत, पण ती कंपनी लिस्ट झालेलीच नाही. मुलीच्या लग्नाला पैसे लागले म्हणून सकाळी ऑर्डर टाकून विकता येतील असे ते शेअर नाहीत.

शिकायचं ते पुढे आहे. ही वाटणी तेव्हाच का झाली? एक कारण कंपनीने सांगितलं तेच: आयटीवर लक्ष केंद्रित करायचं. दुसरं कारण सेबीचा, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाचा, नियम. खासगी प्रवर्तकांना जून 2013 पर्यंत आपला हिस्सा 75 टक्क्यांवर आणायचा होता आणि विप्रोत तो त्याहून जास्त होता. तिसऱ्या पर्यायात लोकांनी प्रवर्तकांकडून विप्रोचे शेअर घेतले की हा हिस्सा आपोआप खाली येत होता. यात वावगं काही नाही. पण प्रत्येक डीमर्जरमध्ये 'प्रवर्तकाला यातून काय हवंय' हे कळलं की कुठल्या पर्यायाला भाव गोड ठेवलाय ते कळतं. त्यांना तुमच्या हाती विप्रोचे शेअर द्यायचे होते, आणि तुम्हाला तेच घ्यायचे होते. असा योग नेहमी येत नाही.

जाता जाता, ज्यांच्या घरी अजून कागदी सर्टिफिकेटं आहेत त्यांच्यासाठी. 1 एप्रिल 2019 पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, आधी डीमॅट करावे लागतात. सलग सात वर्षं लाभांश घेतला नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफ (गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधी) खात्यात जातात. ते परत मिळतात, त्यासाठी आयईपीएफ-5 हा ऑनलाइन फॉर्म आहे. "निम्मे पैसे द्या, सोडवून देतो" म्हणणाऱ्या एजंटाची त्यासाठी गरज नाही. कागदपत्रं नीट असतील तर कंपनीच्या रजिस्ट्रारकडे थेट अर्ज करा. आणि आता डीमर्जरचे नवे शेअर डीमॅटमध्येच मिळतात, तेव्हा खातं नसेल तर ते कुठेतरी बाजूला अडकून राहतात.

पायरी पहिली: ही खरी वाटणी आहे का, ते ओळखा

बातमीत सगळ्यालाच 'वेगळी कंपनी' म्हणतात. पण प्रकार वेगळे आहेत.

खऱ्या डीमर्जरमध्ये नव्या कंपनीचे शेअर सध्याच्या भागधारकांना फुकट, ठरलेल्या प्रमाणात मिळतात. दुसऱ्या प्रकारात मूळ कंपनी आपल्या उपकंपनीचा थोडा हिस्सा आयपीओतून, म्हणजे पहिल्यांदाच लोकांकडून अर्ज मागवून, विकते. लार्सन अँड टुब्रोने 2016 मध्ये इन्फोटेक आणि टेक्नॉलॉजी सर्व्हिसेस या दोन कंपन्या अशाच बाजारात आणल्या. त्यात एल अँड टीच्या भागधारकाला हातात काही मिळालं नाही. पैसा कंपनीकडे गेला, शेअर हवे त्याने अर्ज करून घेतले. तिसरा प्रकार म्हणजे धंदा सरळ कोणाला तरी विकून टाकणं.

आयपीओवाल्या प्रकारात बाजार किती वेडेपणा करू शकतो याचं टेकमधलं गाजलेलं उदाहरण मार्च 2000 चं. थ्रीकॉम कंपनीने पाम या हातातल्या कॉम्प्युटरच्या कंपनीचा सुमारे 5 टक्के हिस्सा विकला आणि बाकी पुढे आपल्या भागधारकांना देऊ असं जाहीर केलं. थ्रीकॉमच्या एका शेअरमागे पामचे साधारण दीड शेअर मिळणार होते. पहिल्या दिवशी पाम 95 डॉलरवर बंद झाला, म्हणजे दीड शेअरचे 142 डॉलर. आणि थ्रीकॉमचा अख्खा शेअर? 82 डॉलरच्या आसपास. पामसकट बाकीचा सगळा धंदा आणि रोकड असलेला शेअर, त्यातल्या एकट्या पामच्या किमतीहून स्वस्त! पुढच्या वर्षी पाम काही डॉलरवर आला तेव्हा मात्र 'अनलॉक' झालेली व्हॅल्यू शोधायला कोणी उरलं नव्हतं.

पायरी दुसरी: स्कीमचा कागद वाचा, प्रेझेंटेशन नंतर

कंपनीचं प्रेझेंटेशन रंगीत असतं आणि त्यात बाण वर जात असतात. कामाचा कागद वेगळा आहे. त्याला 'स्कीम ऑफ अरेंजमेंट' म्हणतात. तो कंपनी कायदा 2013 च्या कलम 230 ते 232 खाली राष्ट्रीय कंपनी कायदा लवादाकडे, म्हणजे एनसीएलटीकडे जातो. एक्स्चेंजच्या साइटवर तो फुकट मिळतो. ऐंशी-नव्वद पानं असतात, त्यातली बरीच ठरावीक साच्याची. शोधायचं ते एवढंच.

कर्ज कुठे गेलं? शेतीच्या वाटणीत नुसते एकर मोजून चालत नाही. विहीर कोणाच्या वाट्याला गेली आणि सोसायटीचं कर्ज कोणाच्या सातबाऱ्यावर चढलं, हे बघावं लागतं. इथेही तसंच. 'अ' कंपनीला रोकड आणि 'ब' ला कर्ज, असं झालं असेल तर प्रवर्तकाचा जीव कशात आहे ते त्या एका परिशिष्टात कळतं. प्रवर्तकाने दोन्हीकडे सारखाच हिस्सा ठेवलाय की एकीकडून हळूच काढता पाय घेतोय, हेही तिथेच.

मूळ कंपनी नवीन कंपनीत काही हिस्सा स्वतःकडे ठेवते आहे का? आयबीएमने 2021 मध्ये किंड्रिलचे 80.1 टक्के वाटले आणि 19.9 टक्के ठेवले. आयटीसीने हॉटेलांच्या नव्या कंपनीत 40 टक्के ठेवले. ठेवलेला हिस्सा उद्या बाजारात विकायला येणार असेल तर ते भावावर टांगलेलं ओझं आहे.

टेक कंपन्यांत आणखी एक गोष्ट, जी सिमेंट-साखरेच्या डीमर्जरमध्ये फारशी नसते. पेटंट, सॉफ्टवेअरचा मालकी हक्क आणि ब्रँड कोणाकडे? नवी कंपनी जुन्या नावासाठी रॉयल्टी भरणार आहे का? दोघांमध्ये सेवा-करार किती वर्षांचा? आयटी कंपनीत यंत्रसामग्री थोडीच असते, माणसं आणि करार हीच खरी संपत्ती. मोठे ग्राहक कुठल्या बाजूला गेले आणि कोणत्या वरिष्ठ माणसांना नव्या कंपनीत शेअर ऑप्शन (पुढे ठरल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क) मिळालेत, ते बघा. ज्या बाजूला चांगली माणसं स्वतःच्या इच्छेने गेली, ती बाजू धरायची. माझा यावर ताळेबंदापेक्षाही जास्त विश्वास आहे.

पायरी तिसरी: गणित करा, आणि मग त्याला कात्री लावा

इथेच बहुतेक लोक फसतात, म्हणून आकड्यांनी दाखवतो. कंपनी काल्पनिक आहे.

आयटी सेवांचा नफा 400 कोटी, हार्डवेअरचा 60 कोटी. बाजारात कंपनीची किंमत आज 9,000 कोटी. निव्वळ आयटी सेवा देणाऱ्या कंपन्यांना बाजार नफ्याच्या 25 पट देतोय, हार्डवेअरला 12 पट. मग 400 गुणिले 25 म्हणजे 10,000 कोटी, आणि 60 गुणिले 12 म्हणजे 720. बेरीज 10,720. म्हणजे 1,720 कोटी 'लपलेले' आहेत! ब्रोकरेज हाऊसचा रिपोर्ट इथे संपतो आणि टार्गेट प्राइस छापली जाते.

आता कात्री. एकाच्या दोन कंपन्या झाल्या की दोन संचालक मंडळं, दोन ऑडिटर, दोन फायनान्स विभाग, दोन लिस्टिंग फी. टेकमध्ये त्यावर वेगळं ईआरपी (कंपनीचा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर) आणि वेगळी सायबर सुरक्षा. वर्षाला 25 कोटी जादा धरा. हा खर्च दरवर्षीचा, म्हणून त्याची 20 पटीने किंमत 500 कोटी. स्टॅम्प ड्युटी, सल्लागार, ग्राहकांचे करार नव्याने करणं हा एकदाचा खर्च 120 कोटी. दोन्ही वजा केल्यावर 1,720 चे 1,100 उरले. 9,000 वर 12 टक्के. आणि बोर्डाच्या मंजुरीपासून सेबी, एक्स्चेंज, एनसीएलटी, भागधारकांची सभा करत लिस्टिंगला सहज दीड वर्ष जातं. म्हणजे सगळं मनासारखं झालं तर वर्षाला साधारण 8 टक्के जादा.

मनासारखं नाही झालं तर? त्या दीड वर्षात आयटीचा पीई (नफ्याची ती पट) 25 वरून 22 वर घसरला, एवढंच झालं असं समजा. 400 गुणिले 22 म्हणजे 8,800, त्यात हार्डवेअरचे 720, उणे 620 खर्च. राहिले 8,900. आजच्या भावाहूनही कमी. टेक शेअरचा पीई अमेरिकेतल्या व्याजदराच्या एका बातमीने एवढा हलतो. म्हणून नुसत्या 'बेरजेच्या' गणितावर डीमर्जरआधी शेअर घ्यायला माझा विरोध आहे. वाढणारा धंदा असेल तर घ्या, डीमर्जरला वरचा फायदा समजा.

पायरी चौथी: रेकॉर्ड डेट ते लिस्टिंग, घाबरू नका

शेअर बाजारात आता एका दिवसात सेटलमेंट होते. रेकॉर्ड डेटच्या आदल्या व्यवहाराच्या दिवशी बाजार बंद होण्याआधी शेअर घेतलेला हवा. रेकॉर्ड डेटच्या दिवशी सकाळी घेतलेला चालत नाही.

रेकॉर्ड डेटच्या सकाळी 9 ते 10 विशेष सत्र असतं. त्यात मूळ कंपनीचा नवा भाव ठरतो आणि आदल्या दिवशीच्या भावातून तो वजा केला की न लिस्ट झालेल्या कंपनीची किंमत निघते. रिलायन्सचं उदाहरण सगळ्यांच्या लक्षात असेल. 20 जुलै 2023 ला 2,841.85 चा शेअर 2,580 ला ठरला आणि जिओ फायनान्शियलची किंमत 261.85 निघाली.

त्या दिवशी मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्ये लालभडक तोटा दिसतो. नवे शेअर खात्यात यायला काही दिवस ते काही आठवडे लागतात, आणि आले तरी खरेदी भाव शून्य किंवा चुकीचा दिसतो. कापसाचे पैसे आले म्हणून पहिल्यांदाच शेअर घेतलेला माणूस इथे हमखास घाबरून मूळ शेअर विकतो. काही करू नका. शेअर आले की ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये खरेदी किंमत स्वतः दुरुस्त करून ठेवा, नाहीतर मार्चमध्ये टॅक्सचा रिपोर्ट वाट्टेल ते आकडे दाखवील.

प्रमाण पूर्णांकात बसत नसेल तर तुकड्याचे शेअर मिळत नाहीत. कंपनीने नेमलेला ट्रस्टी असे तुकडे एकत्र करून विकतो आणि पैसे बँकेत येतात. बँक खातं डीमॅटला जोडलेलं आणि चालू आहे ना, एवढं बघा.

पायरी पाचवी: लिस्टिंगनंतरचे पहिले तीन महिने

मला विचाराल तर सगळ्या लेखातली कामाची जागा ही आहे.

नवा शेअर सुरुवातीला ट्रेड-टू-ट्रेड गटात असतो: दिवसात भाव 5 टक्क्यांहून जास्त हलू शकत नाही (सर्किट) आणि घेऊन त्याच दिवशी विकता येत नाही (इंट्राडे बंद). आता विकणारे कोण असतात ते बघा. इंडेक्स फंडाकडे मूळ कंपनी होती म्हणून नवी आली, पण नवी निर्देशांकात नाही, म्हणून ती विकणं भाग. लाभांशासाठी शेअर धरणाऱ्याला लाभांश न देणारी नवी कंपनी नको. मोठ्या फंडाला छोटी कंपनी ठेवायची परवानगी नाही. यांपैकी कोणीही कंपनी वाईट आहे म्हणून विकत नाही. जिओ फायनान्शियल 21 ऑगस्ट 2023 ला लिस्ट झाली आणि पहिले काही दिवस लोअर सर्किटमध्ये (घसरणीच्या मर्यादेवर) गेली ती याच कारणाने.

टेकमधलं नमुनेदार उदाहरण किंड्रिल. नोव्हेंबर 2021 मध्ये आयबीएमच्या 5 शेअरमागे 1 मिळाला. डेटा सेंटर सांभाळण्याचा जुना, घसरता, कमी नफ्याचा धंदा. पंचविशीच्या पुढून व्यवहार सुरू झाले आणि वर्षभरात भाव 10 डॉलरच्या खाली गेला. तिथून 2025 च्या सुरुवातीला 40 च्या वर. आणि सव्वाशेच्या आसपासची आयबीएम त्याच काळात अडीचशेपुढे. फायदा दोन्हीकडे झाला, पण लिस्टिंगच्या दिवशी उडी मारणाऱ्याला तो मिळण्याआधी अर्ध्याहून जास्त भांडवल बुडताना बघावं लागलं.

मी पाळतो तो नियम: फुकट मिळालेले शेअर पहिल्या आठवड्यात विकायचे नाहीत आणि नवे घ्यायचेही नाहीत. स्वतंत्र कंपनी म्हणून आलेले दोन तिमाही निकाल बघायचे. जादा खर्च खरंच किती आला, मोठा ग्राहक टिकला का, नोकरी सोडून किती लोक गेले, हे त्यात दिसतं. त्यानंतर दोन्हीपैकी जी ठेवायची ती ठरवायची. थोडी तेजी हातची जाते. जाऊ द्या.

पुढची तीन वर्षं: कोण वाढलं, कोण बुडालं

अमेरिकेतल्या 1965 ते 1988 या काळातल्या स्पिनऑफवर, म्हणजे तिकडच्या डीमर्जरवर, 1993 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तो सारखा सांगितला जातो: वेगळ्या झालेल्या कंपन्यांनी तीन वर्षांपर्यंत बाजारापेक्षा जास्त परतावा दिला. त्याचा दुसरा अर्धा भाग कोणी सांगत नाही. तो जादा परतावा मुख्यतः अशा कंपन्यांतून आला ज्यांना पुढे कोणीतरी विकत घ्यायला आलं. वेगळी, सुटसुटीत कंपनी विकत घ्यायला सोपी असते, म्हणून.

आपल्याकडे हे मास्टेकमध्ये दिसलं. 2015 मध्ये विम्याच्या सॉफ्टवेअरचा धंदा मॅजेस्कोत गेला, एकास एक शेअर मिळाले. 2020 मध्ये मॅजेस्कोची अमेरिकेतली कंपनी थोमा ब्राव्हो या फंडाने घेतली आणि त्या डिसेंबरमध्ये मॅजेस्कोने शेअरमागे 974 रुपये लाभांश दिला. आदल्या दिवशी 985 च्या आसपासचा शेअर दुसऱ्या दिवशी 12 रुपयांवर. "98 टक्के पडला, स्वस्त आहे" म्हणून घेणारे तेव्हाही होते! भागधारकाला घबाड मिळालं हे खरं, पण लाभांश म्हणून. 30 टक्के स्लॅबमधल्या माणसाचा सेससकट 31.2 टक्के कर गेला, म्हणजे शेअरमागे तीनशे रुपयांहून जास्त. तो हिशेब आधी करणाऱ्याने लाभांशाआधी शेअर विकून कॅपिटल गेनचा (विक्रीतल्या नफ्याचा) कर भरला.

पुण्याच्या केपीआयटीने 2019 मध्ये वेगळीच कसरत केली. बिर्लासॉफ्ट आत घेतली आणि गाड्यांच्या सॉफ्टवेअरचा धंदा बाहेर काढला. जुन्या लिस्टेड कंपनीचं नाव बिर्लासॉफ्ट झालं आणि नव्या कंपनीने केपीआयटी टेक्नॉलॉजीज हे नाव घेतलं. कित्येकांना आपल्याकडे नेमकं काय आहे तेच कळेना. नवी कंपनी एप्रिल 2019 मध्ये शंभरच्या आसपास लिस्ट झाली, कोरोनात चाळिसाच्या खाली गेली, 2023 मध्ये हजार पार. इथे कोणी विकत घ्यायला आलं नाही. एकाच कामावर लक्ष, त्याच कामात मुरलेले प्रवर्तक आणि गाड्यांमध्ये सॉफ्टवेअर वाढण्याचा काळ, हे जुळून आलं.

पेपल तसंच. 2015 मध्ये ईबेपासून सुटली तेव्हा 40 डॉलरच्या आसपास, 2021 मध्ये 300 च्या वर, आणि 2023 संपताना साठीत. म्हणजे 'स्पिनऑफमुळे' म्हणत तुम्ही तारीख कुठली निवडता त्यावर निष्कर्ष बदलतो.

बुडालेल्यांत एचपीच्या वंशावळीवर वेगळा लेख होईल. नोव्हेंबर 2015 मध्ये एचपीचे दोन भाग झाले. त्यातल्या एंटरप्राइज भागाने 2017 मध्ये सेवांचा धंदा डीएक्ससीत आणि सॉफ्टवेअरचा मायक्रो फोकसमध्ये पाठवला. मार्च 2018 मध्ये मायक्रो फोकस एका दिवसात जवळजवळ निम्मा झाला. आलेल्या धंद्याची आयटी यंत्रणा जुळेना आणि विक्रीतली माणसं सोडून चालली होती. एटी अँड टीपासून 1996 मध्ये वेगळी झालेली ल्युसेंट तर 1999 मध्ये वॉल स्ट्रीटची लाडकी होती आणि 2002 मध्ये तिचा शेअर एका डॉलरच्या खाली होता. पुन्हा पुन्हा तुकडे पाडणारी कंपनी दिसली की मी लांब राहतो. धंदा चालत नाही तेव्हा व्यवस्थापनाला दाखवायला काहीतरी हालचाल हवी असते.

आणि घोषणा म्हणजे डीमर्जर नव्हे. अलीबाबाने मार्च 2023 मध्ये सहा भाग करू म्हणून सांगितलं, शेअर उसळला. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या चिप निर्बंधांचं कारण देऊन क्लाउडची वाटणी रद्द केली, शेअर आपटला.

टॅक्स: इथे पैसे खरोखर वाचतात

भारतातल्या कंपनीचं कायद्याच्या व्याख्येत बसणारं डीमर्जर असेल तर नवे शेअर मिळाले त्या दिवशी कर नाही. जुन्या शेअरची खरेदी किंमत दोघांत वाटली जाते आणि धारणकाळ जुन्या खरेदीपासून धरला जातो. 1961 च्या कायद्यात हे कलम 49 च्या 2सी आणि 2डी मध्ये होतं. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा 2025 आहे, कलमांचे क्रमांक बदलले आहेत.

किंमत कशी वाटायची? बाजारभावाच्या प्रमाणात नाही, पुस्तकी मूल्याच्या प्रमाणात. ते प्रमाण कंपनी जाहीर करते. रिलायन्समध्ये ते 95.32 आणि 4.68 टक्के होतं. समजा 2,000 रुपयांना रिलायन्स घेतला होता. मग जिओ फायनान्शियलची खरेदी किंमत 93.60 आणि रिलायन्सची 1,906.40. बाजाराने मात्र जिओला 9 टक्क्यांहून जास्त किंमत दिली होती. परिणाम असा की 250 ला जिओ विकला तर 156.40 रुपये नफा दिसतो. 'फुकटचा शेअर होता, खरेदी शून्य' लिहिलं तर अख्ख्या 250 वर कर भराल, आणि उरलेल्या रिलायन्सवर 2,000 च खरेदी लावली तर पुढे नोटीस येईल. दोन्ही चुका रिटर्नमध्ये सर्रास होतात. प्रमाण जाहीर करणारं कंपनीचं पत्र डाउनलोड करून कॉन्ट्रॅक्ट नोटसोबत (ब्रोकरच्या खरेदीच्या पावतीसोबत) फाइलला लावा.

जुन्या खरेदीला वर्ष उलटलं असेल तर नवा शेअर आठवड्यात विकला तरी दीर्घ मुदतीचा. वर्षाला सव्वा लाखापर्यंत नफा करमुक्त, वरच्यावर 12.5 टक्के. वर्षाच्या आत असेल तर 20 टक्के. मोठी रक्कम आणि 31 जानेवारी 2018 च्या आधीची खरेदी असेल तर सीएकडून हिशेब करून घ्या, तिथे गुंता आहे.

परदेशी शेअरचं गणित वेगळं. पुण्यात, बंगळुरात अमेरिकन कंपनीत नोकरी करणाऱ्या आपल्याकडच्या बऱ्याच पोरांना कंपनीचे शेअर मिळतात, आणि त्या कंपनीचं स्पिनऑफ झालं की खात्यात दुसरंच नाव येतं. भारतीय डीमर्जरची सूट त्याला आपोआप लागू होत नाही, कारण ती भारतीय कंपनी कायद्याखालच्या स्कीमसाठी लिहिलेली आहे. मिळालेल्या शेअरकडे लाभांश म्हणून बघितलं जाऊ शकतं, तेव्हा त्या वर्षीच सीएला विचारा, विकल्यावर नाही. दीर्घ मुदतीसाठी धारणकाळ तिथे 24 महिन्यांचा आहे. आणि रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात मूळ कंपनीसोबत नव्या कंपनीचीही वेगळी ओळ भरावी लागते, चारच शेअर असले तरी.